सुट्या पैशांच्या डब्यातून काय ठेवावं, काय खर्चून टाकावं

प्रश्न थोडक्यात असा : घरी वर्षानुवर्षं साठलेला सुट्या पैशांचा डबा आहे, रोज दुकानातून आणि रिक्षातून नवी चिल्लर हातात येते, नाणी जमवण्याची हौस आहे, पण सुरुवातीलाच पैसे घालायचे नाहीत. मग यातलं कोणतं नाणं बाजूला ठेवायचं आणि कोणतं भाजीवाल्याला देऊन मोकळं व्हायचं?

आधी एक गैरसमज दूर करू. जुनं नाणं म्हणजे महाग नाणं, असं नसतं. १९६४ चा नेहरूंचा रुपया घ्या. स्वतंत्र भारताचं ते पहिलं स्मारक नाणं. निघालं तेव्हाच लोकांनी ते आठवण म्हणून जपून ठेवलं, त्यामुळे आजही घरोघरी, आजीच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या खणात ते सापडतं. साठ वर्षं जुनं असूनही वापरलेल्या अवस्थेत त्याला फारशी किंमत नाही. याउलट नव्वदीच्या दशकातला एखादा साधा स्टीलचा रुपया, ज्याकडे तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही, तो टांकसाळीतून काल निघाल्यासारखा कोरा मिळणं अवघड. सगळ्यांनी जपलेलं नाणं पुढे मुबलक असतं. सगळ्यांनी खर्चून झिजवलेल्या नाण्याचा चांगला नमुना दुर्मीळ होतो. डबा उपसताना हे एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम होतं.

आता हत्यारं. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, एक लोहचुंबक, आणि जमलं तर व्हर्नियर कॅलिपर (व्यास मोजायचं साधन). शिवाय एक टेबल लॅम्प, कारण ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात नाण्याची झीज दिसत नाही.

पहिली चाळणी दर्शनी किमतीची, दुसरी सालाची. तिसरी मात्र बहुतेक नवखे लोक करतच नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे : टांकसाळीची खूण. भारतात चलनी नाणी चार ठिकाणी पडतात : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. सालाच्या खाली बारीक चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा आकार, दिसला तर नाणं मुंबईचं. पाच टोकांचा तारा हैदराबादचा. गोल ठिपका नोएडाचा. काहीच नसेल तर कोलकात्याचं. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, म्हणून त्याआधीच्या सालाखाली ठिपक्यासारखं काही दिसलं तर ती झिजलेली दुसरी खूण किंवा मळ समजा.

चुका इथेच होतात. झिजलेला तारा ठिपक्यासारखा दिसतो, झिजलेली चौकटही ठिपक्यासारखी दिसते, आणि झिजलेला ठिपका दिसतच नाही, म्हणून नाणं कोलकात्याच्या ढिगात जातं. नाणं उजेडात तिरकं धरून हळूहळू फिरवा. कुठल्या तरी एका कोनात खुणेची सावली पडतेच. तरीही कळलं नाही तर ते नाणं संग्रहात घेण्याइतकं चांगलं नाही असं समजून खर्चून टाका.

या चारांखेरीज परदेशी टांकसाळींच्या खुणा आहेत, आणि चिल्लर चाळणाऱ्याला सगळ्यात जास्त आनंद त्याच देतात. देशातल्या टांकसाळी कमी पडल्या तेव्हा सरकारनं नाणी बाहेरून पाडून आणली. १९८५ चा रुपया हातात आला की सालाखाली नीट बघा : इंग्रजी ‘एच’ हे अक्षर असेल तर तो बर्मिंगहॅमचा आहे. चौकट सालाच्या मधोमध न राहता पहिल्या आकड्याखाली सरकलेली असेल तर तो मुंबईचा नव्हे, ब्रिटनमधल्या लॅंट्रिसेंटच्या रॉयल मिंटचा. म्हणजे खूण कोणती एवढंच पाहून भागत नाही, ती कुठे आहे तेही पाहायचं. नव्वदीच्या शेवटी पुन्हा असंच झालं. १९९७ आणि १९९८ च्या काही रुपयांवर ‘एम’ आणि त्याच्या डोक्यावर चिमुकलं ‘ओ’ दिसतं, ते मेक्सिकोचे. ‘एमके’ ही अक्षरं असलेले रुपये स्लोव्हाकियातल्या क्रेम्नित्साचे. यातली बरीचशी नाणी महाग नाहीत, पण रिक्षावाल्यानं परत दिलेल्या रुपयात मेक्सिको निघणं यासारखी सुरुवात नाही. ती ठेवायचीच.

सालाखाली ‘बी’ किंवा ‘एम’ असं एकटं अक्षर असेल आणि नाण्याची पार्श्वभूमी आरशासारखी असेल, तर ते मुंबई टांकसाळीनं संग्राहकांसाठी काढलेल्या प्रूफ संचातलं नाणं असू शकतं. कुणीतरी संच फोडून ते खर्चलेलं असतं. बोटांचे ठसे उमटले असले तरी बाजूला ठेवा.

आता कुठून सुरुवात करायची? ‘मिळेल ते सगळं’ असं ठरवलंत तर दोन महिन्यांत कंटाळा येईल आणि घरच्यांचाही संयम संपेल. एक मालिका निवडा. सर्वांत सोयीची म्हणजे १९९२ पासून निघालेला स्टेनलेस स्टीलचा रुपया : वजन ४.८५ ग्रॅम, व्यास २५ मिमी. सालं बारा-तेरा, टांकसाळी चार. प्रत्येक सालाला प्रत्येक टांकसाळ मिळेलच असं नाही, आणि कोणती जोडी सहज मिळते, कोणती मिळत नाही हे शोधण्यातच तुमचं शिक्षण होतं. वहीत उभ्या रकान्यात सालं आणि आडव्या ओळीत चार टांकसाळी मांडा. सापडलं की खूण करा. सहा महिन्यांनंतर जे चौकोन रिकामे राहतील, ते नाणं दिसेल तेव्हा कसंही असलं तरी ठेवा. चांगलं मिळालं की बदला.

दुसरी सुंदर मालिका म्हणजे त्याच काळातलं अकरा बाजूंचं दोन रुपयांचं नाणं, भारताचा नकाशा आणि राष्ट्रीय एकात्मतेचा मजकूर असलेलं. तांबं-निकेलचं, ६ ग्रॅमचं. ते चलनातून जवळजवळ नाहीसं झालंय, म्हणून डब्यातच शोधा. याच आकारात स्मारक नाणी बरीच निघाली. मराठी माणसाला त्यातली दोन जवळची वाटतील : १९९९ ची छत्रपती शिवाजी महाराजांची आणि २००२ ची संत तुकारामांची. संत ज्ञानेश्वरांचं १९९९ चं नाणं मात्र एक रुपयाचं, स्टीलचं. आणि लोकमान्य टिळकांचं २००७ चं पाच रुपयांचं. ही चार जमवणं हा एक छोटा, पूर्ण होणारा संच आहे. पण वर सांगितलं तेच इथेही लागू : शिवाजी महाराजांचं नाणं अनेकांनी देव्हाऱ्यात ठेवलंय, त्यामुळे ते दुर्मीळ म्हणून नव्हे, आवडतं म्हणून ठेवा.

पाचाचं जुनं जाड नाणं (२३ मिमी, ९ ग्रॅम) हातात आलं तर कड पाहायला विसरू नका. काहींच्या कडेला मधोमध खोबण असते, काहींना नुसते दाते. हे दोन वेगळे प्रकार धरले जातात. आठ आण्यांची स्टीलची नाणी, म्हणजे संसद भवन आणि नकाशाची, ढिगानं आहेत. त्यातली फक्त चकचकीत ठेवा. पण २०११ पासूनच्या मालिकेतला, १९ मिमीचा छोटा आठ आणे मिळाला तर सोडू नका. तो बाजारात फिरलाच नाही म्हटलं तरी चालेल, कारण तोवर दुकानदार पन्नास पैसे घेईनासेच झाले होते. (कायद्यानं पन्नास पैसे आजही चलनात आहेत. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून बंद झाली, ती आता बँकही घेत नाही. म्हणून गेंड्याचे चार आणे खर्चायचा प्रश्नच नाही, ठेवा नाहीतर मुलांना द्या.)

दहाच्या नाण्यावर २००५ पासूनची सालं दिसतात, पण ती लोकांच्या हाती आली २००९ मध्ये. सुरुवातीच्या सालांची दहाची नाणी बघून बाजूला काढा. दहा किरणांचं खरं की पंधरा किरणांचं, या वादात पडू नका. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये चौदा वेगवेगळे नमुने सांगून सगळेच चालतात असं स्पष्ट केलंय. संग्राहकाला तर हा वाद म्हणजे चौदा नाण्यांची यादी फुकट मिळाल्यासारखा आहे.

चुंबक कशासाठी, ते आता. नेहरूंचा १९६४ चा रुपया शुद्ध निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. १९७५ पासूनचा ८ ग्रॅमचा आणि त्यामागून आलेला ६ ग्रॅमचा रुपया तांबं-निकेलचा, तो चिकटत नाही. १९९२ चा स्टीलचा पुन्हा चिकटतो. म्हणजे साल आणि चुंबक यांचं जमत नसेल तर वजन करायचं. वजनही बसत नसेल तर एकतर नाणं खोटं, नाहीतर दुसऱ्याच नाण्याच्या कोऱ्या चकतीवर छाप पडलेला, आणि हे दुसरं असेल तर ते खरोखर मोलाचं. एक सापळा सांगून ठेवतो : २०११ चा दोन रुपयांचा शिक्का २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर जुन्या स्टीलच्या रुपयाच्या मापाचा; आणि २०११ चा रुपया २२ मिमी, ३.७९ ग्रॅम, म्हणजे जुन्या आठ आण्यांच्या मापाचा. लोक या सारख्या मापांवरून ‘चुकीच्या चकतीवर पडलेलं नाणं’ म्हणून विकायला निघतात. ती चूक नव्हे, तेच त्याचं माप.

नाण्याची अवस्था ही या छंदातली सगळ्यात कमी शिकवली जाणारी आणि किमतीवर सगळ्यात जास्त परिणाम करणारी गोष्ट. टेबल लॅम्पखाली नाणं हळूहळू फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाची एक पट्टी चाकाच्या आऱ्यासारखी फिरताना दिसते. ही टांकसाळीची झळाळी, ठशाच्या दाबानं धातू बाहेर सरकताना पडलेल्या सूक्ष्म रेषांमुळे आलेली. नाणं घासून चमकवलेलं असेल तर ती पट्टी फिरत नाही, सगळा पृष्ठभाग एकसारखा चमकतो आणि भिंगातून एकाच दिशेला गेलेले ओरखडे दिसतात. झीज आधी उंच भागावर येते. अशोकस्तंभावर मधल्या सिंहाचं नाक आणि आयाळ बघा, ती सपाट झाली असेल तर नाणं बरंच फिरलेलं आहे. विक्रेते ‘यूएनसी’, ‘एक्सएफ’, ‘व्हीएफ’ असे शब्द वापरतात : अनुक्रमे न वापरलेलं, अगदी किंचित झिजलेलं, बऱ्यापैकी झिजलेलं. वापरलेल्या नाण्याला ‘यूएनसी’ म्हणण्याची सवय बाजारात सर्रास आहे, म्हणून शब्दावर नव्हे, सिंहाच्या नाकावर विश्वास ठेवा.

कोरी नाणी हवी असतील तर सोपा मार्ग बँकेचा. एक-दोन रुपयांची नाणी शंभराच्या प्लॅस्टिक पाकिटात मिळतात. नवं पाकीट मागा, घरी उघडा, चांगली चार-पाच काढा, उरलेली वापरा. खर्च शून्य. कॅशियरला सुटे देऊन टाकायचेच असतात, तो नाही म्हणत नाही, फक्त गर्दीच्या वेळी जाऊ नका.

आणि आता सगळ्यात मोठा गुन्हा : साफसफाई. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, पितळेची भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही नाण्याला लावायचं नाही. आम्लानं वरचा थर विरघळतो, पावडरीनं ओरखडे पडतात, आणि काळवंडलेलं तांब्याचं नाणं गुलाबी होऊन कायमचं कामातून जातं. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, न घासता बाहेर काढा, मऊ सुती कापडावर टिपून वाळवा. नळाचं पाणी वापरलं तर क्लोरिन आणि क्षारांचे डाग राहतात. नाण्यावर हिरवट चिकट थर दिसला तर तो बहुतेकदा पीव्हीसीच्या पाकिटामुळे. स्वस्त अल्बमची मऊ, वास येणारी पानं पीव्हीसीची असतात. ती हळूहळू आम्ल सोडतात आणि तांबं असलेल्या नाण्यांना खातात. अशा नाण्याला शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवता येतं (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो), पण खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून दूर, काचेच्या भांड्यात.

ठेवायला पुठ्ठ्याची चौकोनी घडी, मध्ये पारदर्शक खिडकी असलेली, नाहीतर पॉलीप्रोपिलीनची पाकिटं वापरा. पुठ्ठ्याला पिन मारल्यावर तिची टोकं पक्कडीनं सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा पडतो. नाणं नेहमी कडेला धरा; बोटाचा घाम दोन-चार महिन्यांत कायमचा ठसा बनतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात महिन्याला बदला किंवा वाळवून घ्या. लाकडी, वॉर्निश केलेल्या कपाटात उघडी नाणी ठेवू नका.

चुकलेली नाणी हा वेगळा विषय, पण चिल्लर चाळताना तीन गोष्टी तपासा. एक, नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटा. काटा सरळ दिसायला हवा. तो नव्वद अंशांनी वळलेला किंवा चक्क उलटा असेल तर ठेवा. दहा-पंधरा अंशांचा फरक रोजचाच, त्याला काही मोल नाही. दोन, छाप सरकलेला आहे का. खरा असेल तर ज्या बाजूला छाप नाही तिथे कडेचा उंचवटाही नसतो. तीन, कडेचा तुकडा चंद्रकोरीसारखा गेलेला आहे का. टांकसाळीतच गेला असेल तर त्याच्या बरोबर समोरची कड पुसट असते, कारण कडा उंचावणाऱ्या यंत्रात तिथे पुरेसा दाब येत नाही. समोरची कड ठसठशीत असेल तर कुणीतरी कानस वापरलीय. एका बाजूला उलटी, खोलगट प्रतिमा असलेली नाणीही दाखवली जातात. पुष्कळदा ती दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबून केलेली असतात आणि मग दुसऱ्या बाजूचं चित्र चेपलेलं दिसतं.

मोबाइलवर येणाऱ्या ‘वैष्णोदेवीच्या नाण्याला पाच लाख’ छापाच्या जाहिरातींबद्दल एवढंच : वैष्णोदेवीची पाच आणि दहाची नाणी २०१२ च्या सालाची, भरपूर निघालेली. कमळाचे वीस पैसे (१९६८ ते ७१) सोन्याचे नाहीत, साध्या पिवळ्या मिश्रधातूचे आहेत. राम दरबार किंवा हनुमान असलेले ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ चे तांब्याचे ठोकळे कंपनीनं कधी पाडलेच नव्हते. तुमचं नाणं लाखाला घेतो म्हणणारा आधी नोंदणी, कर किंवा कमिशन मागत असेल तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं आणि बोधचिन्हानं हे प्रकार चालले म्हणून बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला होता. खरी किंमत बघायची तर मागितलेली नव्हे, प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत बघा, आणि तुमचं नाणं त्या अवस्थेतलं आहे का ते प्रामाणिकपणे ठरवा.

डोळा तयार करायला पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे पहिले चार-सहा वेळा फक्त बघा, खिशात पैसे कमी ठेवा. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. खरं नाणं पुरेसं पाहिलं की खोटं आपोआप खटकतं.

डब्याच्या तळाशी कधीकधी बंदा रुपया, ढब्बू पैसा किंवा भोकाचा पैसा निघतो. चांदीचा ११.६६ ग्रॅमचा राणीछाप रुपया ९१.७ टक्के चांदीचा, म्हणजे त्यात जवळजवळ १०.७ ग्रॅम चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ चे रुपये निकेलचे आहेत. सोनाराकडे वितळवायला देण्याआधी साल आणि अवस्था कुणा जाणत्याला दाखवा, कारण काही सालांना चांदीपेक्षा जास्त भाव आहे. सध्याची सरकारी नाणी वितळवणं मात्र २०११ च्या नाणे कायद्यानं गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जमिनीत पुरलेली जुनी नाणी सापडली, आणि त्यांची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर १८७८ च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि परदेशी राहणाऱ्या नातवंडांना भेट म्हणून द्यायची असतील तर हे ध्यानात ठेवा : शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू धरलं जातं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. राणीछाप तर त्यात येतोच, पण ही मर्यादा दरवर्षी एकेक साल पुढे सरकते, त्यामुळे पंचम जॉर्जचे १९२० च्या आसपासचे रुपये आता त्यात आलेत. नेहरूंचा रुपया बिनधास्त बॅगेत टाका.